बास मासेमारीच्या प्रत्येक पद्धतीसाठी वेगळा रॉड आणि वेगळे रीळ घ्यावेच लागते का?

तुमच्याकडे साडेसहा फुटांचा, मीडियम पॉवरचा एकच स्पिनिंग रॉड आहे, लार्जमाउथ बास (गोड्या पाण्यातला एक शिकारी मासा) पकडण्याच्या निरनिराळ्या पद्धती आता शिकायच्या आहेत आणि उत्पादकांच्या याद्यांमध्ये जवळजवळ प्रत्येक आमिषाच्या नावाने वेगळा रॉड पाहून गोंधळ उडाला आहे, असे तुम्ही लिहिले आहे. माझे उत्तर असे आहे की प्रत्येक पद्धतीसाठी वेगळी जोडी लागत नाही, पण एकाच जोडीवर सर्व पद्धती नीट जमतही नाहीत. निवड करताना मी आमिषाचे नाव बाजूला ठेवतो आणि दोनच गोष्टी पाहतो: त्या आमिषाला गळ कोणत्या प्रकारचा आहे, आणि मासा लागल्यानंतर त्याला कशातून ओढून काढायचे आहे. या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की यादीतील पंधरा-वीस रॉड तीन-चार प्रकारांत आपोआप वाटले जातात.

त्याआधी रॉडवर छापलेले दोन शब्द वेगळे करून घेतले पाहिजेत, कारण नवशिक्याला ते बहुधा एकच वाटतात. रॉड वाकवायला किती जोर लागतो ते पॉवर सांगते. लाइट, मीडियम, मीडियम-हेवी, हेवी ही तिची चढती श्रेणी आहे. रॉड कोठून वाकतो ते ॲक्शन सांगते. फास्ट ॲक्शनचा रॉड टोकाकडच्या भागातच वाकतो आणि खालचा भाग ताठ राहतो. मॉडरेट ॲक्शनचा रॉड जवळजवळ मध्यापर्यंत कमानीसारखा वाकतो. म्हणजे हेवी रॉडही मॉडरेट असू शकतो आणि लाइट रॉडही फास्ट असू शकतो. पॉवरची मोजणी सर्व कंपन्यांत एकसारखी नसते, त्यामुळे एकाचा मीडियम दुसऱ्याच्या मीडियम-हेवीसारखा वाटू शकतो. म्हणून मी त्या शब्दापेक्षा शेजारी छापलेल्या आमिषाच्या वजनाच्या मर्यादेवर अधिक विश्वास ठेवतो. ही मर्यादा बहुधा औंसांत असते आणि एक औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम. मीडियम-हेवी रॉडवर पाव ते एक औंसाच्या आसपासचे आकडे आढळतात. त्यावर ३ ग्रॅमचे आमिष लावले तर रॉड वाकतच नाही आणि फेक दोन-चार हातांवर पडते.

आता गळाकडे येतो, आणि सर्वांत जास्त चूक जेथे होते त्या क्रँकबेटपासूनच, म्हणजे ओढले की पाण्यात खाली जाऊन डुलत पळणाऱ्या, माशासारख्या कडक आमिषापासूनच सुरुवात करतो. क्रँकबेटला तीन टोकांचे, बारीक तारेचे सहसा दोन गळ असतात. बास आमिषाचा लचका तोडत नाही. तो तोंड एकदम उघडून पाण्यासकट आमिष आत ओढून घेतो. क्रँकबेट त्या क्षणीही पुढे धावत असते. रॉड फार ताठ असला तर माशाच्या ओढीला काहीच ढील मिळत नाही, आमिष पूर्ण आत जाण्यापूर्वीच पुढे खेचले जाते आणि गळ तोंडाच्या कडेच्या पातळ कातडीत कसाबसा अडकतो. पुढे मासा पाण्याबाहेर उडी मारून डोके झटकतो, तेव्हा आमिषाचेच वजन त्या छिद्राला मोठे करत जाते आणि गळ सुटतो. माझा पहिला संपूर्ण हंगाम असाच गेला. जिगसाठी (वजनदार डोक्याच्या गळासाठी) घेतलेला सात फुटांचा मीडियम-हेवी फास्ट रॉड मी क्रँकबेटलाही वापरत होतो; मासे लागत होते, अर्धे अंतर येत होते आणि निसटत होते. मी गळ बदलले, दोरी बदलली, आमिषाचे रंगही बदलून पाहिले, पण ज्या काठीवर मला सर्वांत जास्त अभिमान होता तिच्याकडे बोट दाखवायला माझे मन तयार नव्हते. नंतर एका सोबत्याचा फायबरग्लासचा, सैलसर वाटणारा रॉड हातात घेतला आणि त्याच दिवशी फरक कळला. मॉडरेट रॉड माशाला आमिष गिळायला क्षणभर देतो आणि झटापटीत प्रत्येक हिसका स्वतः सोसतो. म्हणून तीन टोकांच्या गळासाठी सात ते साडेसात फुटांचा, मीडियम किंवा मीडियम-हेवी, परंतु मॉडरेट ॲक्शनचा रॉड घ्यावा. तो फायबरग्लासचा असो की ग्रॅफाइट आणि फायबरग्लास यांच्या मिश्रणाचा, हे दुय्यम आहे.

याच्या अगदी विरुद्ध टोकाला जाड तारेचा एकेरी गळ येतो. जिग, टेक्सास रिग आणि पोकळ रबरी बेडूक ही त्याची नेहमीची उदाहरणे. टेक्सास रिगमध्ये गळाचे टोक प्लास्टिकच्या किड्यात लपवलेले असते, त्यामुळे ते आधी प्लास्टिकमधून आणि मग माशाच्या कठीण जबड्यात घुसवावे लागते. येथे रॉडने सोसून घेणे हाच दोष ठरतो. हाताचा हिसका जसाच्या तसा गळापर्यंत पोहोचला पाहिजे. म्हणून सात फूट किंवा त्याहून थोडा लांब, मीडियम-हेवी, फास्ट ॲक्शनचा रॉड आणि १५ ते १७ पौंडांचा ताण सोसणारी फ्लुरोकार्बन (एकेरी कृत्रिम तंतूची) दोरी ही जोडी मी वापरतो. दाट झुडपांत किंवा लव्हाळ्यांत जवळून, आवाज न करता आमिष सोडण्याची फ्लिपिंग ही पद्धत १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात डी थॉमस यांनी प्रसिद्धीस आणली; तिला साडेसात फुटांच्या आसपासचा हेवी रॉड लागतो, कारण तेथे माशाशी खेळायला वेळच नसतो. तो फांदीला वळसा घालण्याआधी त्याला वर काढावे लागते. बेडकाचे आमिष पाण्यावर पसरलेल्या वनस्पतींच्या थरावरून ओढले जाते. त्यासाठी हेवी रॉड आणि ५० ते ६५ पौंडांची ब्रेडेड (विणलेली) दोरी ही चैन समजू नये, कारण माशाबरोबर बरेचदा दोन-तीन किलो गवतही ओढून आणावे लागते. पाण्यात स्फोट झाल्यासारखा आवाज होताच हिसका द्यायचा मोह आवरावा आणि रॉडवर माशाचे वजन जाणवल्यावरच तो द्यावा. हा नियम मला ठाऊक आहे आणि तरीही मी तो अधूनमधून मोडतो.

स्पिनरबेट (तारेवर फिरणारी पाती असलेले आमिष) आणि पाते लावलेले थरथरणारे जिग यांचे स्थान मधले आहे. गळ एकेरी आणि जाड, पण आमिष सतत धावते. फास्टपेक्षा किंचित मऊ टोकाचा मीडियम-हेवी रॉड त्यांना पुरतो, आणि तो नसेल तर जिगचाच रॉड चालवून घ्यावा.

तिसरा प्रकार बारीक तारेच्या लहान एकेरी गळाचा. ड्रॉप शॉट (वजन खाली, गळ त्याच्या वर), नेड रिग (लहान जिगवर आखूड किडा) आणि किड्याच्या मध्यावर गळ टोचलेला वॅकी रिग यांत आमिष हलके असते, पाणी सहसा स्वच्छ असते आणि दोरी बारीक लागते. येथे जोराचा हिसका दिला तर दोरी तुटते किंवा गळ सरळ होतो. रीळ फिरवत रॉड हळूच उचलला तरी गळ रुततो. तुमचा सध्याचा रॉड या कामाला चांगला आहे. त्यावर २५०० किंवा ३००० आकाराचे स्पिनिंग रीळ, १० ते १५ पौंडांची बारीक ब्रेडेड दोरी आणि पुढे ६ ते ८ पौंडांच्या फ्लुरोकार्बनचा लीडर, म्हणजे टोकाला बांधलेला तुकडा, असला की बराच काळ दुसरे काही लागणार नाही. ब्रेडेड दोरी गुळगुळीत स्पूलवर (रिळाच्या ज्या भागावर दोरी गुंडाळतात त्यावर) घसरून फिरते, म्हणून तिच्याखाली आधी थोडी नायलॉन गुंडाळावी.

रिळांची निवड रॉडपेक्षा सोपी आहे. स्पिनिंग रिळाचे स्पूल फेकताना स्थिर असते आणि दोरी वेटोळ्यांनी सुटत जाते, म्हणून पाव औंसापेक्षा हलके आमिषही दूर जाते. बेटकास्टिंग रिळाचे स्पूल स्वतः फिरते; त्याला फिरवण्याइतके वजन आमिषात नसेल तर फेक मरते, आणि आमिष मंदावल्यानंतरही स्पूल वेगाने फिरत राहिले तर दोरीचा असा गुंता होतो की तो सोडवण्यात सकाळ जाते. चुंबकीय किंवा केंद्रोत्सारी ब्रेक ही तफावत कमी करतात, पण शेवटचा ब्रेक तुमचा अंगठाच असतो. सुरुवातीला ब्रेक जास्त ठेवावा, अर्ध्या औंसाचे आमिष लावून सराव करावा आणि वाऱ्याच्या विरुद्ध फेकू नये. एवढा त्रास सोसून ते का घ्यायचे, असे विचाराल, तर जाड दोरी त्यावर चांगली बसते, ओढण्याची ताकद अधिक मिळते आणि अंगठ्याने आमिष हव्या त्या ठिकाणी अलगद थांबवता येते.

गिअरचे प्रमाण म्हणजे दांडीच्या एका फेरीत स्पूल किती वेळा फिरते. ५.३ : १ च्या नेहमीच्या रिळावर एका फेरीत साधारण ५५ सेंटीमीटर दोरी आत येते, तर ७.१ : १ वर सुमारे ७५. जिग आणि टेक्सास रिगमध्ये आमिष रॉडने हलवले जाते आणि रिळाचे काम फक्त सैल दोरी गोळा करण्याचे असते. शिवाय मासा आमिष घेऊन तुमच्याच दिशेने पोहू लागतो, तेव्हा ती ढील झटपट काढावी लागते. म्हणून तेथे ७ : १ किंवा अधिक वेग हवा. मोठ्या ओठाचे (पुढच्या पट्टीचे), खोल जाणारे क्रँकबेट पाण्याला इतका विरोध करते की वेगवान रिळाने तासाभरात मनगट दुखू लागते. तेथे ५ : १ च्या आसपासचे रीळ कमी श्रमात काम करते. उथळ क्रँकबेट आणि स्पिनरबेट ६ : १ वर व्यवस्थित चालतात.

दोरीबद्दल एकच मुद्दा येथे सांगतो, कारण तो रॉडच्या निवडीशी बांधलेला आहे. नायलॉन ताणली जाते, ब्रेडेड जवळजवळ ताणली जात नाही. मऊ रॉड नसताना पृष्ठभागावरचे तीन टोकांच्या गळांचे आमिष वापरायचे असेल, तर नायलॉन लावून त्या ताणातून रॉडची उणीव काही प्रमाणात भरून काढता येते. फ्लुरोकार्बन पाण्यात बुडते, म्हणून पृष्ठभागावरच्या आमिषाचे नाक ती खाली ओढते. तेथे ती टाळावी.

लांबीबाबत सर्वसाधारण सल्ला सात फुटांचा असला तरी जर्कबेटसाठी (हिसके देऊन चालवायच्या, लांबट माशासारख्या आमिषासाठी) आणि डावी-उजवीकडे डुलत चालणाऱ्या पृष्ठभागावरच्या आमिषांसाठी मी साडेसहा ते पावणेसात फुटांचा मीडियम रॉड पसंत करतो. या आमिषांना रॉडचे टोक खालच्या दिशेने सतत झटकावे लागते आणि लांब रॉडचे टोक प्रत्येक वेळी पाण्यावर आपटते. तुमची उंची माझ्यापेक्षा जास्त असेल तर ही अडचण तुम्हाला कदाचित जाणवणारही नाही.

तुमच्या जागी मी असतो तर जुना रॉड बारीक गळांच्या पद्धतींसाठी राखून ठेवला असता आणि पहिली नवी खरेदी सात फुटांचा मीडियम-हेवी फास्ट रॉड व ७ : १ च्या आसपासचे बेटकास्टिंग रीळ ही केली असती, कारण त्यावर जिग, टेक्सास रिग, स्पिनरबेट आणि गरज पडल्यास विरळ गवतातील बेडूकही चालवता येतो. त्यानंतर मॉडरेट ॲक्शनचा क्रँकबेट रॉड, सहाच्या आसपासच्या प्रमाणाच्या रिळासह. हेवी रॉड मात्र तुमच्या पाण्यात वनस्पतींचे खरोखर दाट थर असतील तरच घ्यावा. मोकळ्या पाण्यात त्याचा उपयोग जवळजवळ होत नाही.