आधी स्वतः डाग बघायला शीक

पुणे

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा प्रस्ताव वाचला. एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू-मज्जारज्जूच्या आजाराच्या रुग्णांच्या मेंदूतले एमआरआयवर दिसणारे डाग संगणकाला ओळखायला शिकवायचे, हा विषय मनापासून आवडला. पण कोडला हात घालण्याआधी काही महिने रेडिओलॉजिस्टच्या शेजारी खुर्ची टाकून बस.

फ्लेअर या प्रकारच्या एमआरआय चित्रात पांढरं दिसतं ते सगळं एमएसचं नसतं. वयामुळे, रक्तदाबामुळे, मायग्रेनमध्येही डाग दिसतात. आपल्याकडे टीबी आणि सिस्टिसर्कोसिस (फीतकृमीच्या अळ्यांचा संसर्ग) हेही ध्यानात ठेवावे लागतात. एनएमओ या एमएससारख्या वाटणाऱ्या वेगळ्या आजाराला एमएस समजून एमएसची काही औषधं दिली, तर आजार उलट बळावतो. म्हणून डाग किती, याआधी ते कुठे आणि कसे आहेत, हे बघ. बाजूने घेतलेल्या चित्रात व्हेंट्रिकलला, म्हणजे मेंदूतल्या द्रवाच्या पोकळीला, काटकोनात उभे असलेले लंबगोल डाग दिसतील. जेम्स डॉसन यांनी 1916 मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना ‘डॉसनची बोटं’ म्हणतात. हे डाग बारीक शिरेभोवती वाढतात. योग्य सिक्वेन्स (चित्र घेण्याची पद्धत) घेतला तर डागाच्या मधोमध ती शीर काळ्या रेघेसारखी उमटते. एमएसच्या निदानाच्या 2024 च्या मॅकडोनाल्ड निकषांत या खुणेला जागा मिळाली आहे. ही रेघ आधी तुझ्या डोळ्यांना सापडायला हवी.

नुसत्या आकड्यांवर विसंबू नकोस. डोकंभर डाग असलेला माणूस पर्वती चढून जातो आणि मज्जारज्जूतल्या एका छोट्या डागानं दुसऱ्याचं चालणं बंद होतं. त्यामुळे मज्जारज्जूचा स्कॅन आणि रुग्णाची तपासणी, दोन्ही अभ्यासात हवंच.

सातारा, सोलापूरहून येणारे रुग्ण पिशवीत फिल्म घेऊन येतात. फिल्मवर मोजमाप होत नाही, सीडी माग. काप 5 मिलिमीटर जाडीचे असतील तर छोटा डाग दोन कापांमध्ये हरवतो आणि पुढच्या वेळी ‘नवा’ म्हणून मोजला जातो. मेंदूचं आकुंचन मोजताना तर फार जप. निरोगी प्रौढात ते वर्षाला साधारण 0.1 ते 0.3 टक्के असतं, एमएसमध्ये बऱ्याचदा 0.5 टक्के किंवा जास्त. एवढा फरक नुसतं मशीन बदललं तरी झाकला जातो. पाणी कमी प्यायल्यानंही आकडा हलतो.

डाग उठून दिसावेत म्हणून देतात ते कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन केवळ आपल्या डेटासाठी कुणालाही द्यायचं नाही. त्यातल्या गॅडोलिनियम या धातूचा अंश मेंदूत साठतो, हे 2014 पासून ठाऊक आहे. आणखी एक, एप्रिल-मेमध्ये रुग्णांना सकाळीच बोलव. उन्हानं त्यांची लक्षणं वाढतात, आणि दुपारी रिक्षातून येऊन रांगेत बसलेल्या माणसाला चाळीस मिनिटं निश्चल पडून राहा म्हणणं बरं नाही.

सध्या वीस स्कॅन घे आणि डागांच्या कडा हातानं आखून काढ. महिन्याभरानं जुनं न बघता तेच वीस पुन्हा आख. दोन्ही खेपांमध्ये किती फरक पडला, ते मला कळव, मग सॉफ्टवेअरचं बोलू.