नोटांवरचा भारत बघायला निघताय?

प्रश्न: माझी मुलगी तिसरीत आहे. तिला नोटांचा नाद लागलाय, म्हणजे खर्च करायच्या नाहीत, नुसत्या बघत बसायचं. परवा तिने दहापासून पाचशेपर्यंत सगळ्या नोटा पालथ्या घालून मांडल्या आणि म्हणाली, बाबा, ह्या सगळ्या जागी जाऊया. मी हो म्हणून बसलोय. हे जमण्यासारखं आहे का मी थाप मारली? आम्ही सोलापूरला राहतो, सुट्ट्या दिवाळीच्या, नाताळच्या आणि मे महिन्याच्या.
– एक बाबा, सोलापूर

उत्तर: थाप नाही हो, पण एकाच सुट्टीत सगळं दाखवतो म्हणाला असाल तर ती थापच. दहाच्या चॉकलेटी नोटेवर कोणार्क, वीसच्या पोपटीवर वेरूळ, पन्नासच्या निळीवर हंपी, शंभरच्या जांभळीवर गुजरातेतल्या पाटणची राणी की वाव (वाव म्हणजे पायऱ्यांची विहीर), दोनशेच्या पिवळीवर सांची आणि पाचशेच्या करड्या नोटेवर लाल किल्ला. सहा नोटा, सहा दिशा. टूरवाल्याला विचारलंत तर तो दहा दिवसांत सगळं बसवून देईल आणि पोरीला आठवेल फक्त बसची खिडकी. दीड-दोन वर्षांत, सुट्टी मिळेल तसं करा. आणि मे महिना ह्यातून काढूनच टाका, हंपीचे दगड तेव्हा तव्यासारखे तापतात आणि कोणार्कला समुद्राचा दमटपणा असतो, मूल चिडचिड करतं आणि मग आपण चिडतो.

सुरुवात वेरूळपासून करा, घरचं आहे म्हणून. पाऊस संपता संपता गेलात तर डोंगर हिरवा असतो. पण मंगळवारी जाऊ नका! वेरूळ मंगळवारी बंद आणि अजिंठा सोमवारी बंद, हे मी वर्षानुवर्षं लोकांना सांगतो आणि तरी मी स्वतः एकदा सासुरवाडीची सात माणसं घेऊन मंगळवारी वेरूळच्या गेटवर उभा राहिलोय, आमचे मेहुणे अजून प्रत्येक लग्नकार्यात ती गोष्ट सांगतात. (त्या दिवशी घृष्णेश्वराचं दर्शन मात्र निवांत झालं. त्या देवळाचा जीर्णोद्धार मालोजीराजांनी केला, वेरूळ म्हणजे भोसल्यांचं गाव, हे पोरीला सांगा.) लेणी एकूण ३४ आहेत, सगळी बघायचा हट्ट नको, १६ नंबरचं कैलास लेणं हे तुमचं नोटेवरचं. तिथे आत शिरायच्या आधी बाजूच्या वाटेने वर डोंगरावर चढा आणि वरून खाली बघा. आठव्या शतकात राष्ट्रकूट कृष्ण पहिला याच्या काळात हे काम झालं ते वरून खाली, म्हणजे शिखर आधी सुटं केलं आणि पायथा शेवटी, एक दगड चुकून जास्त फुटला तर परत जोडायची सोय नाही. खालून बघून हे डोक्यात शिरत नाही, वरून एका मिनिटात शिरतं.

दिवाळीत हंपी. सोलापूरहून गाडी असेल तर वाटेत विजापूरला गोलघुमट होतो, पुढे होसपेटला मुक्काम करा नाहीतर थेट हंपीत, होसपेटपासून हंपी १३ किमीच आहे. पूर्ण तीन दिवस द्या असं मी म्हणेन, कारण हंपी हे एक देऊळ नाही, पडलेलं अख्खं शहर आहे. १५६५ च्या लढाईत विजयनगर हरलं आणि राजधानी लुटली गेली, त्यानंतर ती उभी राहिलीच नाही. पन्नासच्या नोटेवरचा दगडी रथ विठ्ठल मंदिराच्या आवारात आहे. गाड्या लांबच थांबवतात, शेवटचा किलोमीटरभर चालत किंवा बॅटरीवाल्या गाडीने. रथ म्हणजे खरं तर गरुडाचं छोटं देऊळच आहे. पुढे जे दोन हत्ती जोडलेत ते मूळचे नाहीत, आधी घोडे होते, हत्तींच्या मागे त्या घोड्यांचे पाय अजून शिल्लक आहेत. पोरीला ते शोधायला लावा, तुमचा अर्धा तास शांततेत जाईल.

आणि तुम्ही तर पंढरपूरचे शेजारी, तेव्हा ही गोष्ट तुम्हाला माहीत असणारच, परंपरा असं सांगते की विजयनगरच्या राजाने पंढरीचा विठोबा हंपीला नेला आणि एकनाथांचे पणजोबा संत भानुदास यांनी तो परत आणला. इतिहासवाले यावर नाही म्हणून मान हलवतात, वारकरी हलवत नाहीत. पण हंपीच्या त्या विठ्ठल मंदिराचा गाभारा आज रिकामा आहे, आणि तिथे उभं राहिलं की सोलापूर-पंढरपूरच्या माणसाला काहीतरी होतंच. विरुपाक्ष मंदिरात मात्र रोजची पूजा चालू आहे, तिथे एका अंधाऱ्या खोलीत भोकातून उजेड येतो आणि भिंतीवर गोपुराची उलटी सावली पडते, शाळेतला पिनहोल कॅमेराच. एक संध्याकाळ मातंग टेकडीसाठी ठेवा आणि टॉर्च न्या, उतरताना अंधार होतो.

सांची आणि लाल किल्ला एकाच गाडीत बसतात. कर्नाटक एक्स्प्रेस तुमच्या सोलापूरवरून निघून भोपाळ, आग्रा करत दिल्लीला जाते. भोपाळला उतरा, सांची तिथून ४५-५० किमी. सांचीला स्वतःचं स्टेशन आहे पण मोठ्या गाड्या क्वचितच थांबतात, भोपाळहून टॅक्सी नाहीतर बस बरी. तिथे स्तूपापेक्षा तोरणांवर, म्हणजे भोवतीच्या दगडी प्रवेशद्वारांवर वेळ घालवा. या तोरणांवर बुद्ध माणसाच्या रूपात नाही, पाऊल, रिकामं आसन, बोधिवृक्ष, चक्र असंच दाखवलंय, हे आधी माहीत असेल तर बघायला मजा येते. दक्षिणेच्या तोरणावर एक ब्राह्मी लेख आहे, सातकर्णी राजाच्या कारागिरांचा मुख्य आनंद याने दिलेलं दान. सातकर्णी म्हणजे सातवाहन, म्हणजे आपलं पैठण. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याकडच्या राजाच्या कारागिराचं नाव तिथे दगडात आहे आणि आपल्यातले निम्मे लोक त्याच्याखाली सेल्फी काढून निघून येतात.

तिथून आग्रा. नोटेवर नाही म्हणून ताज सोडू नका, एवढ्या लांब जाऊन घरी काय सांगाल. ताज शुक्रवारी बंद, लाल किल्ला सोमवारी बंद, त्यामुळे बुधवारी भोपाळ, गुरुवारी सांची, शुक्रवारी प्रवास, शनिवारी उजाडता ताज आणि रविवारी लाल किल्ला असं लावा, रविवारी गर्दी असते पण बंद दारापेक्षा गर्दी बरी. ताजचं तिकीट ५० रुपये आणि मुख्य कबरीपाशी जायचं असेल तर वर २०० वेगळे. पुरातत्त्व खात्याच्या जागांवर १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, तिसरीतली पोर फुकटात सगळा भारत बघेल. लाल किल्ल्यात दिवाण-इ-खासमध्ये वर छताकडे बघा, तिथे पूर्वी चांदी होती, ती १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंच्या सैन्याने फौजेचा खर्च भागवायला काढली. पुढे पानिपत झालं. गाईड हे कधी रागाने सांगतो कधी हसून, आपण मराठीत बोलत असलो तर जरा जास्तच सांगतो.

उरले दोन. पाटणला पुण्याहून रात्रीच्या गाडीने अहमदाबाद गाठा, तिथून पाटण सव्वाशे किमी. ही वाव म्हणजे जमिनीत उतरत जाणारं उलटं देऊळ, सात मजले, पाचशेवर मोठ्या मूर्ती. अकराव्या शतकात राणी उदयमतीने पतीच्या, म्हणजे भीमदेवाच्या आठवणीत बांधली. बायकोने नवऱ्यासाठी बांधलेलं स्मारक, ते ताजच्या साडेपाचशे वर्षं आधी, आणि पोस्टरवर मात्र ताजच! सरस्वती नदीच्या गाळाने ती शेकडो वर्षं बुजून गेली होती म्हणून कोरीव काम एवढं ताजं राहिलंय. येताना मोढेऱ्याचं सूर्यमंदिर करा, आणि पाटोळा साडी विणणाऱ्यांकडे बघायला जरूर जा, किंमत ऐकून बायकोचा चेहरा बघायची तयारी ठेवा (आमच्याकडे उलटं झालं, चेहरा माझा बघण्यासारखा होता).

कोणार्क शेवटी आणि त्यासाठी तुम्हाला गाडी बदलायचीसुद्धा गरज नाही, कोणार्क एक्स्प्रेस नावाचीच गाडी मुंबई-पुण्याहून सोलापूरवरून भुवनेश्वरला जाते, तुमच्याकडून साधारण तीस तास, डबा आणि पत्ते दोन्ही घ्या. मुक्काम पुरीला करा, कोणार्क तिथून ३५ किमी समुद्राकाठच्या रस्त्याने. २४ चाकं, ७ घोडे. आता जे उभं दिसतं ते मुख्य देऊळ नाही, त्याच्या पुढचा मंडप आहे, मोठं शिखर कधीच पडलंय, आणि मंडप पडू नये म्हणून इंग्रजांनी १९०३ मध्ये आत वाळू भरून दारं बंद केली. आत काय आहे असं पोरीने विचारलं तर उत्तर सोपं आहे, वाळू. १ ते ५ डिसेंबरला तिथे नृत्य महोत्सव असतो, शाळा बुडवायची हिंमत असेल तर तेव्हा जा. रेल्वेचं बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं चार महिने आधी नाही, तेवढं लक्षात ठेवा.

प्रश्न: आईला काही बघायचं राहू नये अशी इच्छा आहे, पण वय ७६ आणि दोन्ही गुडघे गेलेत. चारधाम नको म्हणते, गर्दी सहन होत नाही. कुठे न्यावं?
– एक मुलगी, नाशिक

उत्तर: ताई, वरचं पत्र वाचलंत तर त्यातलं निम्मं आईंना जमेल. कोणार्क सपाट आहे, बागेतून हळूहळू चालायचं आणि बाकावर बसून बघायचं. सांचीचा स्तूप टेकडीवर आहे पण गाडी वर जाते. वेरूळला कैलास लेणं गेटच्या अगदी समोर आहे, त्यांना तेवढंच दाखवा, बाकीची तुम्ही बघा आणि त्यांना चहा घेऊ द्या. राणी की वाव पायऱ्यांचीच बनलेली आहे, खाली उतरवू नका, वरून कठड्यापाशी उभं राहून बरंचसं दिसतं. हंपी मात्र नको, तिथे गुडघे धडधाकट असणाऱ्याचे पण बोलायला लागतात. आणि कुठेही गेलात तरी दिवसाला एकच जागा, सकाळी. दुपारी झोप. आईंपेक्षा तुम्हालाच ते जास्त आवडेल.

प्रश्न: मेघालयात झाडांच्या मुळांचे पूल आहेत ते बघायचेत, डिसेंबरमध्ये चार मित्र चाललोय. परमिट लागतं का? दोन दिवस पुरे होतील का?
– कॉलेजवाला, कोल्हापूर

उत्तर: मेघालयाला परमिट लागत नाही, अरुणाचल, नागालँड, मिझोराम, मणिपूरला लागतं. तुम्ही ज्याचे फोटो बघितलेत तो दुमजली पूल नोंगरियात गावात आहे आणि तिथे गाडी जात नाही, तीन हजारांवर पायऱ्या उतरायच्या आणि मग त्याच पायऱ्या चढायच्या. राजगड-तोरणा करणारे असाल तर जमेल, नसाल तर गावातच एक रात्र राहा. रबराच्या जातीच्या झाडाची मुळं खासी लोक ओढ्यापलीकडे वळवत नेतात आणि पूल तयार व्हायला वर्षानुवर्षं लागतात, त्यामुळे एकावेळी दहाजण वर चढून उड्या मारू नका. अजून दोन गोष्टी. तिकडे डिसेंबरमध्ये साडेचार-पाचलाच अंधार होतो, आपल्या घड्याळाच्या हिशोबाने दहाला आरामात निघालात तर परतीच्या पायऱ्या मोबाईलच्या उजेडात चढाल. आणि रविवारी दुकानं, टॅक्सी बऱ्याच बंद असतात, लोक चर्चला जातात. दोन दिवस पुरत नाहीत, गुवाहाटी ते शिलाँग १०० किमी आणि पुढे सोहरा (म्हणजे चेरापुंजी, नोंगरियात तिथून जवळ) ५५, ते सगळे घाट. चार ठेवा.

प्रश्न: तुम्ही मागे कुठल्यातरी उत्तरात नोटांबद्दल लिहिलं होतंत. माझ्याकडे जुनी लाल वीसची नोट आहे, तिच्यावर नारळाची झाडं आणि समुद्र आहे. ते कोकण आहे असं आमचे हे म्हणतात, मी म्हणते गोवा. पैज लागलीये, निकाल द्या.
– एक काकू, रत्नागिरी

उत्तर: काकू, दोघंही हरलात. ते अंदमान आहे. पोर्ट ब्लेअरजवळच्या (आता श्री विजयपुरम) माउंट हॅरियटवरून, ज्याचं नाव २०२१ मध्ये माउंट मणिपूर झालं, नॉर्थ बेचं जे दृश्य दिसतं ते त्या नोटेवर छापलंय. अंदमानला आपण मराठी माणसं सेल्युलर जेलसाठीच जातो, सावरकरांची कोठडी बघतो, संध्याकाळी लाइट अँड साउंड शोला डोळे पुसतो आणि दुसऱ्या दिवशी हॅवलॉक बेटावर (आता स्वराज द्वीप) पळतो. बरोबर आहे, जेल बघायलाच हवं, मुळात इमारतीच्या सात शाखा पसरलेल्या होत्या त्यातल्या आता तीनच शिल्लक आहेत हे वरच्या गच्चीवर गेल्याशिवाय समजत नाही. पण एक अर्धा दिवस त्या टेकडीसाठी काढा. ती लाल नोट बरोबर न्या, खर्च करू नका, आणि काकांच्या हातात देऊन त्यांना वर उभं करा, समोरच्या झाडांशी जुळवून बघायला लावा. पैजेचे पैसे कोणी कोणाला द्यायचे ते तिथेच ठरवा.