मज्जातंतू म्हणणं चूक आहे का?

प्रश्न असा: मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात चेतापेशी, वृक्षिका, अक्षतंतू असे शब्द आहेत, घरात मात्र सगळे मज्जातंतू म्हणतात. मज्जा तर हाडात असते. मग हा शब्द टाकून द्यायचा का?

टाकू नका. फक्त मज्जातंतू आणि चेतापेशी हे दोन्ही शब्द एकाच वस्तूला लावू नका. दाराच्या चौकटीवर कोपर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात. तिथे आपटतो तो मज्जातंतू, म्हणजे असंख्य धाग्यांची जुडी. त्यातला एकेक धागा कुठल्या तरी चेतापेशीचा अक्षतंतू असतो. गंमत म्हणजे त्या पेशीचं केंद्रक जिथे असतं तो पेशीकाय हातात नसतोच. तो मानेपाशी, कण्याच्या आत किंवा कडेला. एकाच पेशीचा धागा तिथून थेट बोटापर्यंत! निरोप पुढे नेणं हे त्याचं काम. इतर पेशींचे निरोप घेतात त्या वृक्षिका, फांद्यांसारख्या फुटलेल्या, म्हणून ते नाव.

अक्षतंतू हा शब्द मला फार आवडतो. ग्रीक ‘अ‍ॅक्सॉन’ आणि संस्कृत ‘अक्ष’ ही एकाच घरातली भावंडं, दोघांचा अर्थ गाडीचा आस.

आता मज्जा. हाडाच्या पोकळीतला मऊ गर तो मज्जा. कण्याच्या पोकळीतल्या मऊ दोरीलाही आपण मज्जारज्जू म्हणतो. युरोपातही तसंच झालं. अक्षतंतूवरच्या मेदयुक्त वेष्टनाला फिर्खो या जर्मन वैद्यकशास्त्रज्ञाने 1854 मध्ये मायेलिन हे नाव दिलं, तेही मज्जा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. या वेष्टनामुळे निरोप झपाट्याने जातो, सेकंदाला शंभर मीटरपर्यंतही. मात्र सगळ्याच अक्षतंतूंना ते नसतं.

खरा घोटाळा ‘स्नायू’चा आहे. मराठीत तो मांसाचा, पण हिंदी-बंगालीत ‘स्नायु’ म्हणजे चेता, आपला मज्जातंतू. हिंदीतलं ‘स्नायु तंत्र’ मराठीत आणताना भलेभले फसतात.

आणि ‘नस’? तिचं काही खरं नाही. ‘मानेत नस दबलीये’ म्हणतो तेव्हा ती चेता असते. रक्त काढताना ‘नस सापडत नाहीये’ म्हणतात तेव्हा शीर.