आजोबांची मार्टिन गिटार: आधी हे बघ, मग दुरुस्ती

अरे बाप्पा, आधी तारा सैल कर. आणि पॉलिशवाल्याला तर ती दाखवूही नको! जुनं फिनिश खरवडून चकाचक केलेल्या गिटारीची किंमत संग्राहकाच्या लेखी धाडकन उतरते. धूळ मऊ फडक्यानं पुसायची, बस्स.

मग टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन भोकातून आत बघ. मार्टिन या अमेरिकी कंपनीच्या गिटारीचा नंबर 1898 पासून आतल्या नेक ब्लॉकवर, म्हणजे मान जोडलेल्या लाकडी ठोकळ्यावर, ठोकलेला असतो, कंपनीच्या यादीत त्यावरून साल निघतं. मागची पाटी ब्राझिलियन रोझवूडची निघाली, तर परदेशी विकायच्या गोष्टी लगेच करू नको. 1992 पासून त्या लाकडाच्या व्यापारावर सायटिसचे, म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचे, कडक निर्बंध आहेत.

ब्रिजच्या, म्हणजे तारा जिथं अडकवतात त्या लाकडी पट्टीच्या, मागच्या कडेखाली कागदाची पट्टी सरकवून पाहा. आत गेली, तर ब्रिज उचललाय. तिथं फेव्हिक्विक टाकलंस तर संपलंच. जुने सांधे बहुधा सरसाचे असतात. ऊब आणि ओलावा दिला की सरस सुटतो, म्हणून जाणकार कारागीर लाकूड न दुखावता सांधा उघडू शकतो.

खरा शत्रू आपला उन्हाळा. पारा 45 च्या पुढे, हवा कोरडीठाक, लाकूड आकसून तडकतं. कूलरसमोर ठेवणं हा उपाय नव्हे. दिवसा दमट, बंद केला की पुन्हा कोरडं, हे हेलकावे जास्त वाईट. केसमध्येच ठेव, आत आर्द्रता मोजायचा हायग्रोमीटर टाक, आर्द्रता 45 ते 55 टक्क्यांत राख. नवतपात गाडीच्या डिकीत पाच मिनिटंसुद्धा नको.

आणि हो, जुनी केस, पावती, काढलेल्या खुंट्या काहीच भंगारात देऊ नको.