आईच्या मृत्यूनंतर प्रार्थनाच होत नाही. ख्रिस्ती विश्वासातून सांत्वन मिळतं, ते नेमकं कसं?

प्रार्थना होत नसेल तर करू नका. दुसऱ्यांनी केलेली ऐका, किंवा बायबलमधली स्तोत्रं नुसती वाचा. त्यातही धीर देणारं २३ वं सगळेच सुचवतील, तुम्ही ८८ वं वाचा. स्तोत्रकर्ता सुरुवातीपासून देवाशी भांडतो आणि शेवटी अंधारातच थांबतो. ‘तरी मी तुझी स्तुती करीन’ असा सुटकेचा शेवट त्याला नाही. तरीही ते शास्त्रात आहे, कुणी गाळलं नाही.

हे मी इतक्या ठामपणे सांगते त्याला कारण आहे. माझा धाकटा भाऊ अचानक गेला. दफनाच्या संध्याकाळी घरी प्रार्थनेला माणसं जमली होती. आई मोठ्याने रडत होती. मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, चर्चच्या मंडळीतले वजनदार गृहस्थ, तिला म्हणाले, “ताई, रडणं आवरा. मुलगा प्रभूजवळ आहे. विश्वासणाऱ्यांनी असं रडलं तर साक्ष काय राहील?” साक्ष म्हणजे आपल्या वागण्यातून लोकांना दिसणारा विश्वास. आणि पुरावा म्हणून बायबलमधल्या, प्रेषित पौलाने थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय. आई गप्प झाली. पुढे कितीतरी महिने ती माणसांसमोर रडली नाही, न्हाणीघरात नळ सोडून रडायची. मला तो नळाचा आवाज अजून सहन होत नाही.

आता त्या वचनाबद्दल. आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका, असं पौल म्हणतो. शोकच करू नका असं तो कुठे म्हणतो? हाच पौल फिलिप्पैकरांना लिहितो की त्याचा सहकारी एपफ्रदीत मरणाच्या दारातून परत आला ही देवाची दया, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं. विश्वासासाठी मारल्या गेलेल्या स्तेफनाला पुरलं तेव्हा भक्तिमान माणसांनी मोठा विलाप केला, असं प्रेषितांच्या कृत्यांत आहे. भक्तिमान माणसांनी, काका! आणि मेलेल्या मित्राला, लाजराला, आपण जिवंत उठवणार हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरेकडे जाताना रडला. त्याची साक्ष बिघडली का?

आईला बरं वाटलं ते आमच्या पाळकांमुळे, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंमुळे. ते यायचे, चहा घ्यायचे, भावाचं नाव घेऊन काहीतरी विचारायचे. एकदा त्यांनी ८८ वं स्तोत्र वाचलं आणि पुढे एक शब्द बोलले नाहीत. आई त्यांच्यासमोर रडली. मग पुन्हा उपासनेला जाऊ लागली, मागच्या बाकावर बसून. पुनरुत्थानाच्या आशेवर ती आज माझ्यापेक्षा घट्ट उभी आहे, पण तिथे ती रडतच पोहोचली.

तुम्हाला ‘देवाची योजना होती’ या वाक्याने खरंच धीर येत असेल तर माझं ऐकू नका, ते धरून ठेवा. फक्त दुसऱ्याच्या दारात जाऊन ते म्हणू नका. आणि झोप, जेवण, कामावर जाणं सगळंच सुटलं असेल तर डॉक्टरांना दाखवा, त्याने विश्वास कमी ठरत नाही.

कुणी उपदेश करायला आलंच तर बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक काढून द्या. ईयोब म्हणजे मुलंबाळं, संपत्ती सगळं गमावलेला नीतिमान माणूस. त्याचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले, तोवर ठीक होतं. तोंड उघडलं आणि बिघडलं. शेवटी देव त्या उपदेशकांवरच रागावतो आणि त्यांना सात बैल व सात मेंढे घेऊन ईयोबाकडे पाठवतो. आमच्या काकांना मी हा ४२ वा अध्याय दोनदा दाखवलाय. ते म्हणतात, संदर्भ वेगळा आहे.