जुन्या पिकअपचा बंपर ठोकून घ्यावा की नवा टाकावा?

भाऊ, तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: गाडी २००६ ची टाटा २०७, हर्णैहून पुण्याला मासळी नेता. ताम्हिणीत डावा कोपरा कठड्यावर बसला, पुढचा लोखंडी बंपर आत दबला. खालची कड आधीपासूनच गंजलेली होती. एक गॅरेजवाला म्हणतो नवा टाका, दुसरा म्हणतो ठोकून सरळ करून देतो, तिसरा म्हणतो हे सगळं सोडा आणि जाड पाइपचा गार्ड बसवा. तिघांपैकी कुणीही बंपर खोलून मागचं ब्रॅकेट बघितलेलं नाही. ते बघितल्याशिवाय यातलं काहीही ठरवू नका.

पिकअपची बॉडी चॅसीवर बसवलेली असते आणि बंपर चॅसीच्या पुढच्या दोन टोकांना ब्रॅकेटने धरलेला असतो. समोरून सरळ मार बसला तर दोन्ही बाजू सारख्या दबतात. कोपऱ्यावर मार बसला की एका बाजूचं ब्रॅकेट पिळतं आणि दुसऱ्या बाजूचे बोल्ट ओढले जातात. म्हणजे तुमचा मार डावीकडे असला तरी उजवं ब्रॅकेटही तपासायचं. पत्रा नवा टाकला आणि ब्रॅकेट वाकडंच ठेवलं, तर एका बाजूला मडगार्ड आणि बंपरमध्ये दोन बोटं फट राहते, दुसरीकडे बंपर घासतो. मग मेकॅनिक काय करतो, तर गॅस कटरने भोकं लांबवून बंपर कसाबसा ओढून बसवतो. असं काम कुणी करायला लागला तर तिथेच थांबवा. लांबवलेल्या भोकात बोल्ट सरकतो आणि खड्ड्याखड्ड्याला ढिला होत जातो.

खोलताना घाई नको. आदल्या रात्री बोल्टच्या आट्यांना वायर ब्रश मारून गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा, सकाळी पुन्हा मारा. तरीही नट फिरत नसेल तर ग्राइंडरने नट कापा, ब्रॅकेटला धार लागू देऊ नका. नंबर प्लेट एचएसआरपी (उच्च सुरक्षा प्लेट) असेल तर तिचा स्नॅप लॉक काढू नका. तो एकदा तोडला की पुन्हा बसत नाही आणि नवीन लॉकसाठी प्लेट बसवणाऱ्या अधिकृत केंद्रात हेलपाटा पडतो. प्लेट ज्या पट्टीवर आहे ती पट्टीच बोल्ट काढून प्लेटसकट बाजूला ठेवायची. पट्टी नसेल, प्लेट थेट बंपरलाच असेल, तर हे काम सुरू होण्याआधी नव्या लॉकची सोय बघून ठेवा.

बंपर उतरला की ब्रॅकेट आणि चॅसीची टोकं वायर ब्रशने चकचकीत करा. आता एक जुनी तपासणी, जी मी कधीच टाळत नाही. बोल्टच्या भोकांभोवती आणि वेल्डिंगच्या रेषेवर रॉकेल नाहीतर डिझेल लावा, पाच-दहा मिनिटं मुरू द्या, फडक्याने अगदी कोरडं पुसा आणि वर खडूची भुकटी चोळा. भेग असेल तर तिच्यात शिरलेलं तेल हळूहळू वर येतं आणि पांढऱ्या खडूवर केसाएवढी काळी रेघ उमटते. नुसत्या डोळ्यांना ती भेग दिसत नाही. ब्रॅकेटला भेग असेल तर ते ब्रॅकेट बदला, त्यावर वेल्डिंगचा थर चढवू नका. चॅसीच्या टोकाला भेग असेल तर काम डेंटरकडून काढून चॅसीवाल्याकडे न्या. स्टीअरिंग बॉक्स उजवीकडच्या चॅसीला आहे, त्याच्या बोल्टभोवतीही हाच खडू फिरवा.

मग माप. गाडी सपाट फरशीवर उभी करा. चॅसीच्या दोन्ही टोकांवर समोरासमोर येणारं एकेक भोक निवडा, मागे कुठल्यातरी क्रॉस मेंबरजवळ (चॅसीच्या दोन बाजू जोडणारा आडवा दांडा) तशीच जोडी निवडा. चारही ठिकाणांहून ओळंबा सोडून फरशीवर खुणा करा आणि दोन्ही कर्ण टेपने मोजा. दोन्ही माप जुळलं किंवा दोन-चार मिलिमीटरचा फरक आला तर चॅसी ठीक समजा. फरक याहून बराच जास्त आला तर ती आधी सरळ करून घ्यावी लागेल, नाहीतर पुढचे टायर एका बाजूने खाल्ले जातील आणि तुम्ही अलाइनमेंटवाल्याला दोष देत बसाल.

हे सगळं ठीक निघालं तर मग पत्र्याचा विचार. माझं मत स्पष्ट आहे: मूळ बंपरचा पत्रा आतून शाबूत असेल तर तोच दुरुस्त करा. बाजारातला स्वस्त बंपर बहुधा पातळ पत्र्याचा असतो. घेण्याआधी व्हर्नियर लावून कडेची जाडी मोजा. १८ गेज म्हणजे साधारण १.२ मिमी, १६ गेज म्हणजे १.६ आणि १४ गेज म्हणजे २ मिमी. आकडा लहान तितका पत्रा जाड, दुकानात यावरून फार गोंधळ होतो. तुमच्या जुन्या बंपरची चांगल्या जागेवरची जाडी आधी लिहून घ्या आणि मगच पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईच्या कुर्ल्यात जुना-नवा माल बघायला जा. जुना घेत असाल तर लोहचुंबक खिशात असू द्या. जिथं तो चिकटत नाही तिथं आत पुट्टी भरलेली आहे.

तुमच्या गाडीला एक गोष्ट वेगळी आहे आणि ती पुण्याच्या गॅरेजवाल्याला सुचणार नाही. मासळीच्या बर्फाचं पाणी खारं असतं, त्यात किनाऱ्यावरची हवा. हे खारं पाणी आणि रस्त्याचा चिखल बंपरच्या आतल्या वळलेल्या कडेत साचून राहतो, म्हणून बंपर बाहेरून बरा दिसतो आणि आतून खाल्ला जातो. आतल्या कडेत जुना स्क्रू ड्रायव्हर जोर लावून टोचत जा. टणक लागलं तर पत्रा आहे. पापुद्रे सुटले किंवा टोक आरपार गेलं तर तेवढा भाग गेलेला. वीतभर लांबीचा तुकडा गेला असेल तर कापून पट्टी लावता येते. पूर्ण खालची कड अशी निघाली किंवा ब्रॅकेटच्या भोकांजवळचा पत्राच कुजला असेल, तर ठोकण्यावर पैसा घालवू नका, नवा टाका.

ठोकायचं ठरलं तर डेंटरजवळ उभे राहा. चांगला कारागीर खोल खड्ड्याच्या मधोमध घाव घालत नाही. ज्या क्रमाने पत्रा दबला त्याच्या उलट क्रमाने तो बाहेर काढायचा असतो: आधी कडेची उठलेली घडी बसवायची, मग हळूहळू आत सरकायचं, सगळ्यात खोल जागा शेवटी. मोठा बाक बॉटल जॅकने दाबून काढायचा. उरलेलं काम मागे डॉली (हातात धरायचा लोखंडी ठोकळा) धरून आणि शक्यतो लाकडी हातोडीने. लोखंडी हातोडीने सारखं एकाच जागी ठोकलं की पत्रा पातळ होऊन पसरतो, मग तो डब्याच्या झाकणासारखा आत-बाहेर टकटक करतो आणि कधीच बसत नाही. ब्रॅकेट जाड असतं, ते गाडीवरून काढून व्हाइसमध्ये धरूनच सरळ करा. गरम करावंच लागलं तर लालसर होईपर्यंत एकदाच, आणि हवेवर थंड होऊ द्या. वर पाणी ओतणाऱ्याकडे काम देऊ नका. चॅसीला मात्र गॅस लावूच देऊ नका.

गंजलेला तुकडा कापताना चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापायचं, तेवढ्याच गेजची पट्टी लावायची. वेल्डिंग सीओटू (गॅस आणि बारीक तारेचं) असावं. साध्या आर्कने एवढा पत्रा जळून भोकं पडतात. सलग रेघ न ओढता इंच-इंचावर टाके, एक डावीकडे, एक उजवीकडे, म्हणजे पत्रा तापून वाकडा होत नाही. बंपर गाडीवर असताना वेल्डिंग होणार असेल तर बॅटरीची निगेटिव्ह आणि अल्टरनेटरची जोडणी काढा. तुमच्या इंजिनावर ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) नाही हे खरं, पण अल्टरनेटरचे डायोड तरी कशाला घालवायचे? पुट्टी दोन मिलिमीटरपेक्षा जाड लागत असेल तर अजून ठोकायचं बाकी आहे असा त्याचा अर्थ.

रंगाआधी धुणं. हे किनाऱ्यावरच्या गाडीला सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम. गंजाच्या खळग्यात मीठ बसलेलं असतं, रस्ट कन्व्हर्टर मारल्याने ते जात नाही. रंगाखाली मीठ राहिलं की तिथे काही महिन्यांत फोड येतात. म्हणून गोड्या पाण्याच्या प्रेशरने धुवा, वाळवा, वायर ब्रश मारा, पुन्हा धुवा. पूर्ण वाळल्यावर थिनरने पुसा आणि त्याच दिवशी दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर मारा. उघडा पत्रा रात्रभर ठेवला तर कोकणच्या हवेत सकाळी लालसर झाक आलीच म्हणून समजा. वर काळा पीयू (पॉलियुरेथेन) रंग, मॅट किंवा सॅटिन. ओरखडा पडला तर घरच्या घरी ठीक करता येतो. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुफ्फुसाला वाईट. रंगाऱ्याच्या तोंडाला रुमाल बघितलात तर त्याला कार्ट्रिजचा मास्क आणून द्या. आणि आषाढ-श्रावणात हे काम काढू नका, दमट हवेत रंग धुरकट होतो.

पावडर कोटिंगबद्दलही लोक सांगतील. दिसतं छान, पण ते भट्टीत दोनशे अंशांच्या आसपास भाजतात, तिथे साधी पुट्टी टिकत नाही. शिवाय दगड लागून टवका उडाला की आत पाणी शिरतं आणि वरून काही दिसत नाही. ठोकलेल्या बंपरला मी ते सुचवणार नाही.

पाइपच्या गार्डला माझा ठाम नकार. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून असे क्रॅश गार्ड आणि बुल बार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चं उल्लंघन ठरवलेत. पण दंडाची गोष्ट बाजूला ठेवा. बंपरचा पत्रा दबतो तेव्हा धक्क्यातला काही भाग तो स्वतःवर घेतो. जाड पाइप दबत नाही, सगळा धक्का सरळ चॅसीच्या टोकांत उतरतो. आज तुमचं ब्रॅकेट वाकलं, उद्या चॅसी वाकेल. आणि पायी चालणारा माणूस त्या पाइपासमोर आला तर त्याचं काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

विम्याचंही विचारलंय. मालवाहू गाडीच्या पॅकेज पॉलिसीत निव्वळ बंपर, दिवे, मडगार्ड आणि रंगकामाचं नुकसान मुळात धरलेलं नसतं. त्यासाठी जादा हप्ता भरून आयएमटी २३ हे जोडकलम घ्यावं लागतं. पॉलिसीच्या कागदावर हा आकडा आहे का ते बघा. असला तरी दहा वर्षांवरच्या गाडीला धातूच्या पार्टवर ५० टक्के घसारा कापतात आणि नो क्लेम बोनसही जातो. एवढ्या कामासाठी क्लेम बहुतेक परवडणार नाही.

आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला पासिंग (फिटनेस तपासणी) दर वर्षी, हे तुम्हाला माहीत आहेच. बंपरवर पुढे पांढरी परावर्तक पट्टी रंगानंतर नवीन लावा, जुनी उचकटून चिकटवलेली टिकत नाही. कोपऱ्याला धार राहू देऊ नका.

परत बसवताना बोल्ट ८.८ ग्रेडचे, झिंक प्लेटिंगचे, प्लेन वॉशर आणि नायलॉक नटसह (आत नायलॉनची कडी असलेले, सहज ढिले न होणारे) घ्या. खाऱ्या पाण्यात स्टेनलेस बोल्टच्या आजूबाजूचं साधं लोखंड लवकर खाल्लं जातं, म्हणून ते नकोत. सगळे बोल्ट आधी हाताने धरवा, दोन्ही बाजूंची फट बघा, गरज पडली तर पट्टी घालून उंची जुळवा आणि मग आवळा. आठवडाभर गाडी चालवून पुन्हा एकदा पाना लावा. टोचन लावायची वेळ आली तर दोरी चॅसीच्या हुकाला, बंपरला कधीच नाही.

बंपरच्या खालच्या कडेत पाणी जायला भोकं नसतील तर रंगाआधीच दोन्ही टोकांना आठ मिलिमीटरची दोन-दोन पाडून घ्या आणि आतून वॅक्सचा स्प्रे मारा. मासळी उतरवून हौदा धुता, तेव्हा तोच पाइप पुढे आणून बंपरच्या मागून गोडं पाणी सोडायचं आणि खालच्या भोकांतून ते स्वच्छ येईपर्यंत सोडत राहायचं.