प्रोबेटला एवढा वेळ का लागून राहिला?

या महिन्यात आलेल्या पत्रांत मृत्युपत्र, वारस आणि कोर्टाच्या तारखा यांचेच प्रश्न जास्त आहेत, म्हणून हा अंक त्यालाच दिलाय. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा निकाल. नावं छापत नाही, फक्त गाव-मोहल्ला देते.

प्रश्न (त्रिमूर्ती नगर, नागपूर): नमस्कार ताई, बाबूजी गेल्या वर्षी वारले. मृत्युपत्र केलेलं होतं, रजिस्टर पण केलेलं, त्यात एक्झिक्युटर (मृत्युपत्र अमलात आणणारा) मीच. राहतं घर, एनआयटीचा (नागपूर सुधार प्रन्यासचा) एक प्लॉट, थोडे शेअर्स आणि एफडी आहेत. भाऊ पुण्याला, बहीण टोरंटोला. कोणाचं भांडण नाही. जिल्हा कोर्टात प्रोबेटचा अर्ज टाकून वर्ष होत आलं पण नुसत्या तारखाच पडून राहिल्या. वकीलसाहेबांना विचारलं की प्रोसेस सुरू आहे म्हणतात. रजिस्टर्ड मृत्युपत्र असताना एवढा वेळ कशाला? अजून किती लागेल?

उत्तर: भाऊ, आधी सरळ उत्तर देते. कोणाची हरकत नसेल आणि कागद पूर्ण असतील तर जिल्हा कोर्टातून प्रोबेट निघायला सहा महिने ते वर्ष धरून चाला, त्याच्यावर काही महिने गेले तरी घाबरायचं कारण नाही. हरकत आली की मग वर्षांचा हिशोब. कायद्याने स्वतः थांबायला सांगितलंय ते फक्त मृत्यूनंतरचे सात दिवस, 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचं कलम 293 बघा. बाकीचा वेळ कुठे जातो ते तुमच्याच केसवरून सांगते.

पहिलं म्हणजे रजिस्टर्ड असल्याने काम लवकर होतं हा समज मनातून काढा. रजिस्ट्रेशनमुळे कागद सुरक्षित राहतो, मागाहून कोणी गुपचूप बदलू शकत नाही, एवढा फायदा नक्की आहे, पण कोर्टात मृत्युपत्र सिद्ध करावंच लागतं आणि त्यासाठी सही करणाऱ्या दोन साक्षीदारांपैकी निदान एकाला येऊन सांगावं लागतं की माझ्यासमोर बाबूजींनी सही केली, ते शुद्धीत होते, आणि मी त्यांच्यासमोर सही केली. अर्जावर सुद्धा शक्यतो एका साक्षीदाराचं व्हेरिफिकेशन लागतं (कलम 281). मृत्युपत्राचं शेवटचं पान काढून बघा. पुष्कळदा तिथे साक्षीदाराची नुसती सही असते, नाव अर्धवट, पत्ता म्हणजे "रा. नागपूर". आता पंधरा-वीस वर्षांपूर्वी बाबूजींच्या ऑफिसमधले कोणी सहकारी होते, रिटायर होऊन मुलाकडे हैदराबादला गेले, त्यांना शोधायचं, त्यांचं ॲफिडेव्हिट करायचं, तब्येत बरी नसेल तर तारीख पुढे. यातच तीन-चार महिने सहज जातात आणि घरच्यांना वाटतं कोर्ट काहीच करत नाहीये.

दुसरं म्हणजे नोटीस, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. मृत्युपत्रात ज्यांना काही दिलं नाही त्यांच्यासकट सगळ्या जवळच्या वारसांना कोर्ट कळवतं. शिवाय सायटेशन म्हणजे जाहीर सूचना निघते, ते कोर्टाच्या इमारतीत लागतं, कलेक्टर ऑफिसला लागतं आणि कोर्ट सांगेल त्या स्थानिक पेपरात छापावं लागतं. ते कात्रण पूर्ण अंकासकट फाइलला लावलं नाही तर पुढची तारीख. पुण्याच्या भावाची नोटीस तिथल्या कोर्टामार्फत जाणार, बेलीफ गेला तेव्हा फ्लॅटला कुलूप, तो शेरा मारून कागद परत नागपूरला, पुन्हा प्रोसेस फी भरा, पुन्हा पाठवा. भाऊ आणि तुम्ही रोज फोनवर बोलता तरी कागदावर नोटीस "न बजावता परत" असेल तर जजसाहेब पुढे जाऊ शकत नाहीत, आणि जाऊही नये, कारण पुढे कोणी म्हटलं मला कळवलंच नाही तर मिळालेलं प्रोबेट रद्द होऊ शकतं.

म्हणून नोटिशीची वाट बघत बसू नका. भावाचं आणि बहिणीचं संमतीचं ॲफिडेव्हिट मागवून घ्या, "मृत्युपत्र मी वाचलं, माझी हरकत नाही, नोटीस नको" असं स्पष्ट. भावाचं पुण्यात नोटरीसमोर होईल. टोरंटोला भारताचं कॉन्सुलेट आहे, बहिणीने तिथे अपॉइंटमेंट घेऊन सही साक्षांकित करून घ्यावी आणि मूळ कागद कुरिअरने पाठवावा, व्हॉट्सॲपवरचा फोटो चालणार नाही. हे अर्जासोबतच लावलं असतं तर निम्मा वेळ वाचला असता, पण आत्ता लावलं तरी फरक पडतो.

तिसरं, मालमत्तेची यादी आणि कोर्ट फी. फी मालमत्तेच्या किमतीवर लागते त्यामुळे यादी नीट लागते. आपल्याकडे घराची आखीव पत्रिका एका नावाने, मनपाची टॅक्स पावती दुसऱ्या स्पेलिंगने, मृत्यूच्या दाखल्यावर नावापुढे "राव" लागलेलं आणि मृत्युपत्रात नाही, असं सर्रास असतं. एनआयटीचा प्लॉट लीजवर असेल तर लीजचा कागद, हप्ते भरल्याच्या पावत्या, आरएल लेटर (प्लॉट नियमित केल्याचं पत्र) असेल तर ते. शेअर्सचा भाव मृत्यूच्या तारखेचा की अर्जाच्या, यातही गोंधळ होतो. कोर्टाच्या कार्यालयाने त्रुटी काढल्या की अर्ज तिथेच थांबतो, त्याला नंबरसुद्धा पडत नाही. नावातल्या फरकासाठी एकच ॲफिडेव्हिट करा, "या सगळ्या नावांची व्यक्ती एकच", आणि पहिल्याच दिवशी लावा.

मग मेची सुट्टी, दिवाळीची सुट्टी, जजसाहेबांची बदली, वकील संघटनेचा एखादा कामबंद दिवस. यावर तुमचा-माझा काही इलाज नाही.

आता तुम्ही काय करायचं तर वकीलसाहेबांना "प्रोसेस" हा शब्द सोडून तीन गोष्टी विचारा, नोटीस किती जणांना बजावली गेली, सायटेशन छापून फाइलला लागलं का, साक्षीदाराचं ॲफिडेव्हिट झालं का. केसचा सोळा आकडी-अक्षरी सीएनआर नंबर मागून घ्या, ई-कोर्ट्सच्या ॲपवर टाकला की कोणत्या तारखेला काय झालं ते घरबसल्या दिसतं. यात भांडायचं काही नाही, चांगला वकील स्वतःहून दाखवतो.

अजून एक, आणि हे आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. नागपुरात केलेल्या मृत्युपत्राला आणि नागपुरातल्या घराला प्रोबेटची सक्ती कधीच नव्हती. ती सक्ती मुख्यतः मुंबई, चेन्नई इथल्या हायकोर्टांच्या मूळ हद्दीपुरती (म्हणजे त्या शहरांपुरती) आणि जुन्या बंगाल प्रांतापुरती होती आणि तीही 2025 च्या डिसेंबरमध्ये संसदेने कलम 213 काढून संपवली. तुमच्यासारख्या एकदिलाच्या घरात मृत्युपत्र आणि सगळ्यांची ना-हरकत यावर फेरफार, म्हणजे सरकारी नोंदीत नावाचा बदल, होऊ शकतो. मग सुरू केलेला अर्ज मागे घ्यायचा का? मी म्हणेन नाही. एवढे पैसे आणि वेळ घातलाय, आणि प्रोबेट हा असा निकाल आहे की मृत्युपत्र खरं आहे हे सगळ्यांवर बंधनकारक होतं, उद्या प्लॉट विकायला काढला तर घेणाऱ्याचा वकील दुसरं काही मागणार नाही. पण कागद आणा आणि पुढे ढकला.

प्रश्न (महाल, नागपूर): आजीने मृत्युपत्रात वाडा आत्याला दिला. आत्याने प्रोबेटचा अर्ज केला तर काकांनी हरकत घेतली की वाडा वडिलोपार्जित आहे, आजीला द्यायचा हक्कच नव्हता. तेव्हापासून केस अडकून पडलीये. खालच्या दोन दुकानांचं भाडं काका घेऊन राहिले. काय करावं?

उत्तर: हरकत आली की अर्ज साध्या दाव्यासारखा चालतो (कलम 295), म्हणजे मुद्दे काढायचे, पुरावा, उलटतपासणी, युक्तिवाद. त्यामुळे वेळ लागणार हे खरंय. पण काकांचा मुद्दा प्रोबेट कोर्टाच्या कामाचाच नाही. सुप्रीम कोर्टाने हे वारंवार सांगितलंय की प्रोबेट कोर्ट फक्त एवढंच बघतं, मृत्युपत्र शेवटचं आहे का, कायद्याप्रमाणे सही-साक्षी झाल्या का, करणारी व्यक्ती शुद्धीत होती का. वाड्यावर मालकी कोणाची हे वेगळ्या दिवाणी दाव्यात ठरतं. आत्याच्या वकिलाने मुद्दे काढतानाच हे ठामपणे मांडायला पाहिजे, नाहीतर पन्नास वर्षांपूर्वीची वाटणी, पणजोबांची खरेदी असं सगळं पुराव्यात येतं आणि एकेक साक्षीदार वर्षभर चालतो. मी बघितलेल्या लांबलेल्या केसेसमध्ये हेच कारण पुन्हा पुन्हा दिसतं आणि वाईट वाटतं कारण तो सगळा पुरावा शेवटी त्या कोर्टाच्या उपयोगाचाच नसतो.

काकांनी खरोखर मृत्युपत्रावरच शंका घेतली असेल, म्हणजे आजी तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती, आत्यानेच वकील आणला, अंगठा घेतला वगैरे, तर मात्र ते कोर्टाला बघावंच लागेल आणि शंका दूर करायची जबाबदारी आत्यावर. तेव्हाच्या डॉक्टरांचे कागद, दवाखान्याची फाइल आत्ताच शोधून ठेवा, जुने रेकॉर्ड दवाखाने कायम ठेवत नाहीत.

भाड्याचं म्हणाल तर कलम 247 खाली केस चालू असताना मालमत्ता सांभाळायला कोर्ट तात्पुरता प्रशासक नेमू शकतं. तो भाडं गोळा करून हिशोब कोर्टाला देतो, वाटप मात्र करू शकत नाही. असा अर्ज टाकला की हरकत घेऊन वेळ काढण्यातला फायदा संपतो आणि कित्येकदा बोलणी तिथूनच सुरू होतात.

प्रश्न (काटोल रोड, नागपूर): यजमान अचानक गेले, मृत्युपत्र नाही. एफडीवर मी नॉमिनी आहे, तरी बँकेने कोर्टाचा कागद आणा म्हणून सांगितलं. प्रोबेटसाठी किती थांबावं लागेल?

उत्तर: ताई, मृत्युपत्र नसेल तर प्रोबेट नसतंच. आणि नॉमिनी असताना बँकेने कोर्टाचा कागद मागायला नको, रिझर्व्ह बँकेच्या सूचना स्पष्ट आहेत, कोर्टाचा मनाईहुकूम वगैरे नसेल तर नॉमिनीला रक्कम द्यायची. मृत्यूचा दाखला, तुमचं केवायसी आणि क्लेम फॉर्म द्या, पोच घ्या, काउंटरवर तोंडी नाही म्हटलं तर लेखी मागा. पैसे हाती आले तरी त्यावर मुलांचा, सासूबाई असतील तर त्यांचाही वारस म्हणून हिस्सा राहतो, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे घरात आधीच बोलून घ्या. ज्या शेअर्सवर नॉमिनी नाही आणि रक्कम मोठी आहे तिथे सक्सेशन सर्टिफिकेट (कोर्टाचं वारसा प्रमाणपत्र) लागू शकतं, त्यालाही नोटीस आणि पेपरची जाहिरात असतेच, हरकत नसली तर तेही महिन्यांचंच काम आहे. घरासाठी ते चालत नाही, तिथे वारसांची नोंद करून घ्यायची.

प्रश्न (सावनेर, जि. नागपूर): वडिलांच्या मृत्युपत्रात सावनेरचं घर आणि सौंसरकडची संत्र्याची बाग दोन्ही आहे. नागपूरच्या कोर्टाचं प्रोबेट मध्य प्रदेशात चालेल का?

उत्तर: जिल्हा न्यायाधीशाने दिलेलं प्रोबेट राज्यभर चालतं. राज्याबाहेरची मालमत्ता दहा हजार रुपयांपेक्षा जास्त नाही असं त्यांनी प्रमाणित केलं तरच ते बाहेर लागू पडतं (कलम 273), आणि आजच्या भावात त्यात बागेचा बांधही बसत नाही. हायकोर्टाचं प्रोबेट मात्र दुसऱ्या राज्यांतही चालतं आणि हायकोर्टाला या कामाचे अधिकार कलम 300 ने दिलेत, तेव्हा कुठे जायचं हे अर्ज टाकायच्या आधीच वकिलाशी ठरवा. नंतर कळलं तर सगळं पहिल्यापासून.

त्याआधी एक करून बघा. तिकडेही प्रोबेटची सक्ती नाही, तेव्हा भावंडांची हरकत नसेल तर मृत्युपत्राची नक्कल आणि ना-हरकत लावून तिथल्या तहसीलदाराकडे नामांतरणाचा अर्ज द्या. आपला सातबारा तसा त्यांचा खसरा आणि बी-1, त्यांच्या ताज्या नकला सोबत न्या. आणि कोर्टात जायचंच ठरलं तर बाग यादीत पहिल्याच दिवशी लिहा. फी वाचेल म्हणून ती सोडली आणि मागाहून घातली तर अर्जात दुरुस्ती, तिकडच्या जिल्हा न्यायाधीशांकडे सायटेशनची प्रत, तिथे पुन्हा प्रसिद्धी, असं करत सहा महिने आणखी जातात.